चालू धंदा विकत घेतला, आता ब्रँडवरचा घसारा नाकारला जातोय : उत्तर कसं द्यावं?

आधी तुमच्या प्रश्नाचा गोषवारा देतो, म्हणजे अशाच अडचणीत असलेल्या इतरांनाही ताडून पाहता येईल. तुमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने जुलै २०२३ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातला मसाल्याचा एक चालू धंदा स्लम्प सेलने, म्हणजे एकेका मालमत्तेला वेगळी किंमत न लावता, घेतला. एकरकमी किंमत ११ कोटी २० लाख. विकणारा तुमचा नात्यागोत्यातला नाही, पैसे बँकेतून गेले. जागा, मशिनरी, माल आणि येणी यांतून देणी वजा केल्यावर ५ कोटी ६० लाख निघाले. उरलेल्या ५ कोटी ६० लाखांची फोड तुमच्या व्हॅल्युअरने अशी केली : ब्रँड २ कोटी ७० लाख, वितरकांचं जाळं १ कोटी २० लाख, मसाल्यांची कृती व प्रक्रिया ६० लाख, आणि उरलं ते १ कोटी १० लाख गुडविल, म्हणजे धंद्याची जमलेली पत. शिवाय जुन्या मालकाने पाच वर्षं याच धंद्यात उतरू नये म्हणून ४० लाख वेगळ्या कराराने दिले. गुडविल सोडून बाकीच्या ४ कोटी ९० लाखांवर २५ टक्क्यांनी, म्हणजे १ कोटी २२ लाख ५० हजार घसारा (मालमत्तेच्या किमतीचा दरवर्षी उत्पन्नातून वजा होणारा भाग) तुम्ही मागितला. आता आयकर खात्याची कारणे दाखवा नोटीस आली आहे : करारात ब्रँडची किंमत कुठेच नाही, व्हॅल्युएशन फुगवलेलं आहे, ही सगळी रक्कम म्हणजे गुडविलच, सबब घसारा शून्य.

तुमचा प्रश्न असा, की दुसऱ्या, मोठ्या नावाच्या व्हॅल्युअरकडून नवीन रिपोर्ट करून घ्यावा का.

माझं उत्तर : आत्ता नको. नोटिशीत आकड्यांचा गलबला असला तरी तुमचा खटला आकड्यावर उभा नाही. तो तीन गोष्टींवर उभा आहे. ती मालमत्ता गुडविलपेक्षा वेगळी म्हणून ओळखता येते का, ती खरोखर तुमच्या ताब्यात आणि नावावर आली का, आणि व्यवहाराच्या वेळचा कागद तसं बोलतो का. हे दाखवता आलं तर आकड्यावर फार तर घासाघीस होईल. हे दाखवता आलं नाही, तर दोनशे पानी रिपोर्टही तुम्हाला तारणार नाही.

हे असं का झालं ते थोडक्यात सांगतो. आयकर कायद्याच्या कलम ३२(१)(ii) मध्ये १ एप्रिल १९९८ नंतर घेतलेल्या अमूर्त मालमत्तेवर घसारा आला : नो-हाऊ, पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्क, लायसन्स, फ्रँचायझी आणि 'तत्सम धंदेविषयक वा व्यापारी हक्क'. गुडविलचा उल्लेख त्यात नव्हता. ऑगस्ट २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्मिफ्स सिक्युरिटीजच्या निकालात गुडविललाही घसारा मिळतो असं सांगितलं आणि सगळ्यांचं काम सोपं झालं. फोड करायची गरजच उरली नाही. दिल्ली हायकोर्टाने २०१५ मध्ये ट्रायून एनर्जी सर्व्हिसेसच्या प्रकरणात हेही मान्य केलं, की धंद्याची किंमत वजा निव्वळ मालमत्ता, उरेल ते गुडविल. त्या काळात केलेले करार काढून बघा, वरची सगळी रक्कम एका ओळीत गुडविल म्हणून टाकलेली दिसेल. त्यात चूक काही नव्हतं, दोन्हीवर २५ टक्केच होते.

मग फायनान्स ॲक्ट २०२१ आला. असेसमेंट वर्ष (उत्पन्नाच्या पुढचं वर्ष) २०२१-२२ पासून धंद्याचं गुडविल घसाऱ्याच्या ब्लॉकमधून, म्हणजे घसारा मिळणाऱ्या मालमत्तांच्या गटातून, बाहेर काढलं गेलं. ब्रँड, ट्रेडमार्क, नो-हाऊ मात्र तिथेच राहिले. म्हणजे एकाच किमतीतला एक भाग २५ टक्क्यांवर आणि दुसरा शून्यावर. तेव्हापासून खातं 'उरेल ते गुडविल' हेच सूत्र करदात्याविरुद्ध वापरतं. तुमच्या नोटिशीतही तेच वाक्य आहे, फक्त बाजू बदलली आहे.

म्हणून तुमच्या उत्तरात स्मिफ्सवर भिस्त ठेवू नका. त्याचा पाया कायद्यानेच काढून घेतला आहे. तुमच्या उपयोगाचा निकाल त्याआधीचा आहे : अरेवा टी अँड डी इंडिया, दिल्ली हायकोर्ट, मार्च २०१२. तिथेही स्लम्प सेलच होता. ४४ कोटी ७० लाखांत ट्रान्समिशन व डिस्ट्रिब्युशनचा धंदा घेतला होता, निव्वळ मूर्त मालमत्ता २८ कोटी ११ लाखांची होती, आणि वरचे साडेसोळा कोटींहून अधिक हिशेबाच्या वह्यांत गुडविल म्हणून दाखवले होते. कोर्टाने वह्यांतलं नाव बाजूला ठेवलं आणि आत काय आहे ते पाहिलं : धंद्याची माहिती, नोंदी, करार, कुशल माणसं, नो-हाऊ. धंदा पहिल्या दिवसापासून अखंड चालवायला लागणारे हे हक्क लायसन्स-फ्रँचायझीच्या जातकुळीतले 'तत्सम व्यापारी हक्क' आहेत, असं ठरवून घसारा दिला. गुडविलला घसारा मिळतो की नाही हा पर्यायी मुद्दा कोर्टाने ठरवलाच नाही, गरज नाही म्हणून सोडून दिला. नेमकी हीच गोष्ट आज तुमच्या कामाची आहे. जो निकाल गुडविलच्या आधारावर उभाच नव्हता, तो २०२१ च्या दुरुस्तीने पडत नाही. उत्तरात हा मुद्दा पहिल्या पानावर घ्या.

तुमच्या ताळेबंदात 'गुडविल व इतर अमूर्त मालमत्ता' असा एकच आकडा, ५ कोटी ६० लाख, गेला आहे आणि नोटिशीला त्या पानाची प्रत जोडली आहे. त्याने घाबरू नका. वहीतली नोंद कर ठरवत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९७१ मध्ये केदारनाथ ज्यूटमध्ये सांगितलेलं आहे, आणि अरेवातही वहीत गुडविलच लिहिलं होतं. पण टॅक्स ऑडिटच्या फॉर्म ३सीडी मधल्या घसाऱ्याच्या तक्त्यात फोड बरोबर गेली आहे का ते तपासा. तिथेही एकच ओळ असेल तर मात्र खुलासा लागेल.

'करारात ब्रँडची किंमत नाही' या आक्षेपाचं उत्तर सोपं आहे आणि ते ठणकावून द्या. स्लम्प सेलची व्याख्याच, कलम २(४२सी), सांगते की एकेका मालमत्तेला किंमत न लावता एकरकमी मोबदल्यात धंदा द्यायचा. किंमत लावली असती तर विकणाऱ्याचा कलम ५०बी चा भांडवली नफ्याचा हिशेबच मोडला असता. स्टॅम्प ड्यूटीपुरती जागेची किंमत दाखवली तरी बिघडत नाही, तेवढी मोकळीक त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. तेव्हा करारात ब्रँडच्या पुढे रुपये नसणं हा कायदा पाळल्याचा पुरावा आहे. फोड करणं घेणाऱ्याचं काम, आणि ती तुम्ही रजिस्टर्ड व्हॅल्युअरकडून केली. विकणाऱ्याच्या ताळेबंदात ब्रँड कधी नव्हता, हाही नोटिशीतला मुद्दा टिकत नाही. स्वतः वाढवलेला ब्रँड विकणाऱ्याच्या ताळेबंदात नसतोच, त्याची खरेदी किंमत कायद्याने शून्य धरतात.

आता एकेक मालमत्ता घेऊ, कारण चारही सारख्या भक्कम नाहीत.

ब्रँड तुमचा सर्वांत बळकट भाग आहे, पण त्यात एक खोच आहे. तुम्ही पाठवलेल्या असाइनमेंट डीडच्या (ट्रेडमार्क हस्तांतराच्या दस्ताच्या) दुसऱ्या पानावर वाक्य आहे की ट्रेडमार्क 'धंद्याच्या गुडविलसह' हस्तांतरित करण्यात येत आहे. अधिकाऱ्याने हेच वाक्य उचललं आहे : बघा, तुम्हीच गुडविल म्हणता. हे वाक्य जवळपास प्रत्येक ट्रेडमार्क डीडमध्ये असतं आणि त्याचं कारण घसाऱ्याशी संबंधित नाही. ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम ३८ व ३९ नुसार मार्क गुडविलसह किंवा गुडविलशिवाय देता येतो, आणि गुडविलशिवाय दिला तर जाहिरात वगैरेच्या जादा अटी लागतात. म्हणून वकील 'सह' लिहितात. ते शब्द मार्क कोणत्या पद्धतीने आला एवढंच सांगतात. मार्क म्हणजेच गुडविल, असा अर्थ त्यातून निघत नाही. हे उत्तरात दोन्ही कलमांसकट लिहा. सोबत जोडा : क्लास ३० मधलं (मसाले ज्या वर्गात येतात त्यातलं) मूळ रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, डीड, तिचं परिशिष्ट, आणि नाव बदलासाठी भरलेला फॉर्म टीएम-पी. तुमच्या कागदांत टीएम-पी ची पावती मला दिसली नाही. भरला नसेल तर याच आठवड्यात भरा. उशिरा भरला म्हणून मालकी बुडत नाही. म्हैसूर मिनरल्समध्ये, १९९९, सुप्रीम कोर्टाने इमारतींच्या बाबतीत सांगितलं आहे, की ताबा आणि वापर स्वतःच्या हक्काने असेल तर दस्त नावावर व्हायचा राहिला म्हणून घसारा नाकारता येत नाही. तरीही रिकामी जागा सोडू नका.

ब्रँडचा आकडा कसा आला आहे तेही पाहू, कारण 'फुगवलेला' या शब्दाचं वजन त्यावरून कळेल. व्हॅल्युअरने रॉयल्टी बचतीची पद्धत लावली आहे. हा ब्रँड आपला नसता तर वापरासाठी जी रॉयल्टी द्यावी लागली असती, तिची आजची किंमत म्हणजे ब्रँडची किंमत. ब्रँडखालची विक्री १२ कोटी, रॉयल्टी ३ टक्के म्हणजे ३६ लाख. त्यातून २५.१६८ टक्के कर गेला की साधारण २६ लाख ९४ हजार. डिस्काउंट रेट (पुढच्या पैशाची आजची किंमत काढायचा दर) १६ आणि वाढ ६ टक्के धरली, फरक १० टक्के, त्याने भागलं म्हणून सुमारे २ कोटी ६९ लाख. रिपोर्टचा गाभा एवढाच आहे, बाकी पानं आधारासाठी. आता अधिकाऱ्याच्या बाजूने गणित करून बघा. रॉयल्टी २ टक्के धरली तर किंमत १ कोटी ८० लाखांवर येते. पहिल्या वर्षाचा घसारा साडेबावीस लाखांनी घटतो आणि कर सुमारे ५ लाख ६६ हजारांनी वाढतो. पण ब्रँडच गुडविल ठरला तर घसारा साडेसदुसष्ट लाखांनी जातो आणि कर सुमारे १७ लाखांनी वाढतो. म्हणूनच मी म्हणतो, रॉयल्टीच्या टक्क्यावर शक्ती खर्च करण्याआधी मार्क वेगळा उभा करा.

टक्क्याबद्दल मात्र एक काम करा. ३ टक्के कुठून आले याचा रिपोर्टमध्ये एकच परिच्छेद आहे आणि त्यातल्या तुलनेतल्या कंपन्या मोठ्या, देशभर विकणाऱ्या आहेत. व्हॅल्युअरकडून त्याच तारखेचे वर्किंग पेपर मागवा आणि विकणाऱ्याच्या मागच्या तीन वर्षांच्या हिशेबातून हे दाखवा, की त्याच बाजारात बिनब्रँडच्या मसाल्यापेक्षा या मसाल्याला किलोमागे किती जास्त दर मिळत होता. स्थानिक दराचा असा फरक कुठल्याही परदेशी डेटाबेसपेक्षा बोलका असतो. अधिकाऱ्यालाही तो समजतो, ट्रायब्युनललाही.

कृती आणि प्रक्रियेचे ६० लाख मला सुरक्षित वाटतात. कलम ३२ च्याच स्पष्टीकरणात नो-हाऊ म्हणजे मालाच्या उत्पादनाला किंवा प्रक्रियेला मदत करणारी औद्योगिक माहिती वा तंत्र, अशी व्याख्या आहे. तुम्ही सांगितलंत की हस्तांतराच्या वेळी जुन्या मालकाने कांदा-लसूण मसाल्याची बॅच शीट दिली : ब्याडगी आणि संकेश्वरीचं प्रमाण, भाजण्याचं तापमान, दळण्याआधीचा ओलावा, प्रत्येक पानावर सही. ही पानं म्हणजे तुमचा उत्तम पुरावा आहे. प्रमाणाचे आकडे झाकून प्रत द्या, व्यापारी गुपित असल्याचं लिहा आणि मूळ प्रत व्हिडिओ सुनावणीत दाखवायची तयारी ठेवा.

वितरकांच्या जाळ्यात तुमची बाजू लंगडी आहे, आणि ते आधीच कळलेलं बरं. कायदा 'हक्क' म्हणतो. तुमच्याकडे स्टॉकिस्टांची एक एक्सेल यादी आहे, पण बहुतेकांशी लेखी करार नव्हते, तोंडी व्यवहार होता. स्टॉकिस्ट उद्या दुसऱ्याचा माल ठेवू शकत असेल तर तुम्ही विकत घेतलेला हक्क कोणता, असं अधिकारी विचारणार. ज्यांच्याशी लेखी करार होते ते वेगळे काढा. ज्यांची डिपॉझिट्स जुन्या मालकाकडून तुमच्या खात्यात वळती झाली त्यांच्या लेजरच्या प्रती काढा. ज्यांनी हस्तांतराला संमतीपत्र दिलं ती पत्रं लावा. या गटांना जितकी किंमत रिपोर्टमधून वेगळी करता येईल तितकी अरेवाच्या आधारावर लढवा. निव्वळ तोंडी संबंधांवरचा भाग वाचणं कठीण आहे. तो हिस्सा पर्यायी मागणी म्हणून ठेवा, मुख्य मागणीच्या गळ्यात बांधू नका.

गुडविलच्या १ कोटी १० लाखांवर तुम्ही घसारा मागितलाच नाही, हे फार चांगलं केलंत. ज्या रिपोर्टमध्ये गुडविल शून्य निघतं त्यावर माझाही विश्वास बसत नाही. चालू धंद्यात तयार माणसं असतात, मोक्याची जागा असते, उद्या येणारं गिऱ्हाईक असतं, आणि यांतलं काहीच वेगळं नावावर करता येत नाही. तुमच्या रिपोर्टने ते बाजूला काढलं, म्हणून बाकीची फोड प्रामाणिक दिसते. हे उत्तरात मांडा. शिवाय ते पैसे वाया गेलेले नाहीत. पुढे धंदा विकाल तेव्हा खरेदी केलेल्या गुडविलची किंमत भांडवली नफ्याच्या हिशेबात मिळते.

स्पर्धा न करण्याच्या ४० लाखांचा मुद्दा अलीकडे बदलला आहे. दिल्ली हायकोर्टाने २०१२ मध्ये शार्प बिझनेस सिस्टीमच्या प्रकरणात अशा रकमेवर घसाराही नाही आणि खर्चही नाही म्हटलं होतं. मुंबई हायकोर्ट २०१९ मध्ये पिरामल ग्लासच्या प्रकरणात घसाऱ्याच्या बाजूने होतं. डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने शार्पचा निकाल फिरवला आणि एल अँड टीला सात वर्षं स्पर्धेत न उतरण्यासाठी दिलेले ३ कोटी महसुली खर्च म्हणून मान्य केले. तुम्ही घसारा मागितला आहे, पूर्ण खर्च नाही. असेसिंग ऑफिसरपुढे सुधारित रिटर्नशिवाय नवी मागणी चालत नाही, हे गोएट्झे इंडिया, २००६. पण अपिलात ती मागता येते. मुंबई हायकोर्टाचा पृथ्वी ब्रोकर्स, २०१२, त्यावर स्पष्ट आहे. म्हणून आत्ताच्या उत्तरात घसाऱ्याची मागणी कायम ठेवा आणि पूर्ण खर्चाच्या पर्यायी मागणीची नोंद करून ठेवा. खातं म्हणेल की शार्पमध्ये धंद्याची खरेदी नव्हती, इथे आहे. तो भेद करता येण्यासारखा आहे, त्यामुळे मी यावर शंभर टक्के खात्री देणार नाही. तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे : हे ४० लाख विकणाऱ्याच्या हातात कलम २८(va) खाली धंद्याचं उत्पन्न म्हणून पूर्ण करपात्र आहेत. स्वतःचा कर वाढवून कोणी खोटा करार करत नाही. त्याच्या रिटर्नची संबंधित पानं मिळाली तर जरूर जोडा.

'फुगवलेलं' या आरोपाला कायदेशीर उत्तरही द्या. मालमत्तेची खरी किंमत बाजूला सारून दुसरी धरण्याचा अधिकार कलम ४३(१) च्या स्पष्टीकरण ३ मधून येतो. त्यासाठी व्यवहाराचा मुख्य हेतू जादा घसाऱ्याने कर वाचवणं हाच होता, असं अधिकाऱ्याचं समाधान आणि जॉइंट कमिशनरची पूर्वमंजुरी लागते. नोटिशीत दोन्हींचा उल्लेख नाही. परक्या माणसाकडून बँकेतून ११ कोटी २० लाखांना घेतलेल्या, आजही चालणाऱ्या धंद्याचा मुख्य हेतू घसारा होता हे दाखवणं सोपं नाही. मुंबई हायकोर्टाचा व्होडाफोन एम-पैसा, २०१८, जोडा. अधिकारी व्हॅल्युएशन तपासू शकतो, पण पद्धतच बदलू शकत नाही, असं तो सांगतो. तो कलम ५६(२)(viib) चा, म्हणजे जादा किमतीने दिलेल्या शेअर्सवरच्या कराचा, असल्याने आधार म्हणून वापरा, मुख्य खांब म्हणून नव्हे. आणि गेल्या वर्षी विक्री अंदाजापेक्षा कमी झाली म्हणून अंदाज खोटा, हा युक्तिवाद मान्य करू नका. किंमत जुलै २०२३ मध्ये जे माहीत होतं त्यावर ठरते. नवीन रिपोर्ट नको म्हणण्याचं हेही एक कारण : आज केलेला रिपोर्ट नंतर सुचलेला ठरतो आणि दोन आकड्यांतला फरक खात्याच्या हातात जातो.

नोटिशीत नसलेला एक मुद्दा पुढे येऊ शकतो. कलम ३२(१) चं सहावं परंतुक (कलमाला जोडलेली अट) म्हणतं, की धंद्याचा उत्तराधिकार झाला त्या वर्षी जुन्या आणि नव्या मालकाचा मिळून घसारा, बदल झालाच नसता तर जितका मिळाला असता त्याहून जास्त नको. जुन्या मालकाचा ब्रँडवरचा घसारा शून्य, म्हणून तुमचाही शून्य, असं खातं मांडू शकतं. माझ्या मते ते परंतुक एकाच खर्चाची दोघांत दिवसांप्रमाणे वाटणी करण्यासाठी आहे, तुम्ही स्वतः मोजलेली नवी किंमत पुसण्यासाठी नाही, आणि ते फक्त त्याच वर्षापुरतं आहे. खात्याने काढलं नाही तर तुम्हीही काढू नका, पण उत्तर तयार ठेवा.

व्हिडिओ सुनावणी लेखी मागा. फेसलेसमध्ये, म्हणजे समोरासमोर न भेटता होणाऱ्या तपासणीत, ती मागितल्याशिवाय मिळत नाही. ऑर्डर विरुद्ध गेली तर ३० दिवसांत अपील. वादातला कर साधारण ३० लाख ८३ हजार, वर व्याज. मागणीच्या २० टक्के भरून स्थगिती मागण्याची पद्धत आहे, म्हणजे सहा-सव्वासहा लाखांची आणि व्याजावरच्या वाट्याची सोय आत्ताच करून ठेवा. कलम २७०ए च्या दंडाची नोटीस सोबत आलीच तर ती हलक्यात घेऊ नका. तिथे ५० टक्के की २०० टक्के हे तुम्ही माहिती लपवली का यावर ठरतं. रिपोर्ट, करार, फोड सगळं आधीपासून रेकॉर्डवर होतं, हे त्या उत्तराचं पहिलं वाक्य असू द्या.

पुढच्या वर्षांच्या रिटर्नबद्दलही तुम्ही विचारलंत. असेसमेंट वर्ष २०२५-२६ मध्ये ३ कोटी ६७ लाख ५० हजारांवर घसारा त्याच फोडीने गेलेला असला पाहिजे. वाद चालू आहे म्हणून थांबवू नका. मागितला नाही तरी कायदा तो घेतल्याचं धरतो आणि तुमची शिल्लक किंमत कमी होते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू असला तरी गुडविल बाहेर आणि ब्रँड, नो-हाऊ आत ही रचना त्यातही तशीच आहे. वादातल्या वर्षाचं असेसमेंट जुन्याच कायद्याखाली होईल.